लॉरी कोण?

आज सकाळी आमच्या गोल्फच्या गटावर कोणीतरी ती जुनी चित्रफीत पुन्हा एकदा टाकली. बूट-मोजे काढलेला, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेला एक फ्रेंच माणूस ओढ्याच्या पाण्यात उभा आहे आणि पाण्यातल्या चेंडूकडे पाहतो आहे. चित्रफितीखाली हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग लागली होती. मी एवढेच लिहिले की त्या दिवशी ती स्पर्धा पॉल लॉरीने जिंकली होती. दोनच मिनिटांत एका ज्येष्ठ सभासदांचा प्रश्न आला, “लॉरी कोण?” हे गृहस्थ माझ्या जन्माच्या आधीपासून गोल्फ खेळत आहेत. तेव्हापासून माझे डोके ठिकाणावर नाही, म्हणून हे लांबलचक लिहिते आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जुलै १९९९, स्कॉटलंडमधले कार्नूस्टी, ओपन चँपियनशिप. फेअरवे (मधला कापलेल्या गवताचा पट्टा) चिंचोळे, दोन्ही बाजूंना गुडघाभर गवताचा रफ, आणि वर समुद्राकडून येणारा वारा. अवघ्या १९ वर्षांच्या सर्जिओ गार्सियाने पहिल्या दिवशी ८९ आणि दुसऱ्या दिवशी ८३ फटके घेतले आणि तो आईच्या गळ्यात पडून रडला. चार दिवस संपले तेव्हा जगातल्या उत्तमोत्तम खेळाडूंपैकी एकाचाही गुणफलक पारच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या फटक्यांच्या, खाली नव्हता (गोल्फमध्ये कमी फटके घेणारा जिंकतो). अशा मैदानावर चित्रफितीतला तो फ्रेंच माणूस, जाँ व्हान द वेल्ड, शेवटच्या होलच्या टीवर (पहिला फटका मारायच्या जागी) तीन फटक्यांची आघाडी घेऊन उभा राहिला. चार पारचा होल. सहा फटक्यांत चेंडू होलमध्ये गेला असता तरी क्लॅरेट जग, म्हणजे विजेत्याचा करंडक, त्याचाच होता. त्याला सात लागले.

ते सात फटके सर्वांना तोंडपाठ असतात. टीवरून ड्रायव्हर, म्हणजे लांब मारायची काठी, चेंडू उजवीकडे भरकटला पण सुदैवाने पाण्यातून वाचला. दुसरा फटका दोन नंबरच्या आयर्नने (लोखंडी काठीने), तो प्रेक्षकांच्या गॅलरीच्या कठड्यावर आदळला, तिथून बॅरी बर्न नावाच्या ओढ्याच्या दगडी भिंतीवर आपटला आणि मागे उसळून दाट गवतात पडला. तिसरा थेट ओढ्यात. मग ते बूट काढणे, ते पाण्यात उतरणे, अखेर दंडाचा फटका घेऊन चेंडू बाहेर टाकणे. पाचवा बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात), सहावा बंकरमधून बाहेर, आणि सातवा पट, म्हणजे होलजवळून चेंडू घरंगळत आत घालायचा फटका. तिघांचे गुण सारखे झाले, २९०, म्हणजे पारच्या सहा वर, आणि प्लेऑफ, म्हणजे बरोबरी फोडायचे जादा होल, ठरला.

आणि इथे चित्रफीत संपते! माझा सगळा राग या कापलेल्या जागेवर आहे. स्पर्धा तिथे संपलीच नव्हती. त्यानंतर पावसात, संध्याकाळच्या मंद उजेडात चार होल खेळले गेले. आघाडी घालवलेला व्हान द वेल्ड, दोन वर्षांपूर्वी हाच जग उचललेला जस्टिन लेनर्ड, आणि जागतिक क्रमवारीत १५९ व्या स्थानावर असलेला, पात्रता फेरी खेळून आत आलेला, ॲबर्डीनचा पॉल लॉरी. ते चार होल आपल्यापैकी कोणाला आठवतात?

मला आठवतात, आणि त्याचे कारण फारसे उदात्त नाही. काही वर्षांपूर्वी मी आमच्या क्लबची महिलांची वार्षिक स्पर्धा जिंकले, तीही प्लेऑफमध्ये, तीही पावसात. माझ्यासमोर ज्या होत्या त्यांना आम्ही सगळ्याजणी ताई म्हणतो. शेवटच्या होलवर ताईंची माझ्यावर तीन फटक्यांची आघाडी होती आणि त्यांचे दोन चेंडू लागोपाठ तळ्यात गेले. प्लेऑफच्या पहिल्या होलवर दोघींची पार झाली. दुसऱ्यावर त्यांची बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त) झाली आणि पारसाठी माझा पाच फुटांचा पट उरला, तोही उतारावरचा, म्हणजे नेम थेट होलवर न धरता कपाच्या, म्हणजे होलच्या, बाजूला धरायचा. हातमोजा इतका भिजला होता की तो मी काढून टाकला होता, टॉवेल पिळला तर धार लागत होती, आणि शेवटी पटरची (पट मारायच्या काठीची) ग्रिप मी टीशर्टच्या आतल्या, त्यातल्या त्यात कोरड्या राहिलेल्या कडेने पुसली. पट आत गेला. बक्षीस समारंभात सूत्रसंचालकांनी पहिलेच वाक्य उच्चारले, “आज ताईंचा दिवस नव्हता.” त्यानंतर पाचेक मिनिटे ते तळे, ते दोन चेंडू आणि ताईंची खिलाडू वृत्ती यांवर भाषण झाले. माझे नाव करंडक हातात देताना आले, तेही कागदात पाहून.

तर पॉल लॉरी. त्या रविवारी सकाळी तो आघाडीवीरापेक्षा १० फटके मागे होता. दहा! त्याने त्या मैदानावर, त्या दिवशी, ६७ फटक्यांची फेरी खेळली, म्हणजे पारच्या चार खाली. आघाडीचे खेळाडू मैदानात असताना हा माणूस आपली फेरी आटोपून वाट पाहत बसला होता. एवढी मोठी पिछाडी भरून शेवटच्या दिवशी मेजर (गोल्फच्या चार मोठ्या स्पर्धांपैकी एक) जिंकण्याचा विक्रम त्याच्या नावावर आहे. व्हान द वेल्डच्या हातून जे सांडले ते झेलायला कोणीतरी तिथे पोहोचलेले असावे लागते, आणि तिथे पोहोचण्यासाठी ६७ ची फेरी खेळावी लागते. बाकीचे कितीतरी जण तिथवर पोहोचले नव्हते.

हो, मान्य आहे, व्हान द वेल्डने सहा फटके घेतले असते तर लॉरी हात हलवत घरी गेला असता. हे मला कोणी समजावून सांगायला नको.

पण मग प्लेऑफ बघा ना. पंधरावा, सोळावा, सतरावा आणि अठरावा असे चार होल, चारही होलच्या फटक्यांची बेरीज धरायची. पंधराव्यावर लॉरीची बोगी, सोळाव्यावरही बोगी. बाकीच्या दोघांची अवस्था त्याहून बरी नव्हती, व्हान द वेल्डने तर सुरुवातच डबल बोगीने केली. इथपर्यंत पाहिले तर तीन थकलेली, भिजलेली माणसे कोण कमी चुकतो याची परीक्षा देत आहेत असेच वाटते. मग सतराव्यावर लॉरीने बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) केली. अठराव्याच्या टीवर तो व्हान द वेल्ड आणि लेनर्ड या दोघांच्याही एका फटक्याने पुढे होता. पुढे तोच होल, तोच ओढा, जिथे तासाभरापूर्वी एका माणसाचे आयुष्य सगळ्या जगासमोर ओले झाले होते. (लेनर्डचाही चेंडू त्याच दिवशी, त्याच होलवर, त्याच ओढ्यात गेला होता, पण त्याची चित्रफीत कोणी फिरवत नाही.) लॉरीसमोर दोनशेहून अधिक यार्डांचा फटका होता आणि ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या) अलीकडे पाणी. त्याने चार नंबरची आयर्न काढली आणि चेंडू झेंड्यापासून साधारण चार फुटांवर ठेवला. मग तो पट घातला. शेवटच्या दोन होलवर दोन बर्ड्या, चार होलची बेरीज १५, म्हणजे बरोबर पार, आणि उरलेल्या दोघांच्या १८.

भर पावसात, ओपनच्या प्लेऑफमध्ये, आघाडीवर असताना, त्या ओढ्यावरून मारलेला तो फटका मला गोल्फमधल्या सर्वांत निर्भय फटक्यांपैकी एक वाटतो. याला नशीब म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारेन की तुम्ही पावसात लांब आयर्न कधी मारली आहे का? ग्रिप हातात साबणासारखी फिरते, चेंडूवर पाणी असल्याने तो कुठून कसा निघेल याचा भरवसा नसतो, आणि मनात एकच आवाज घुमत असतो, की पाणी पुढे आहे, पाणी पुढे आहे. मला तर पाच फुटांच्या पटच्या वेळीही तोच आवाज ऐकू येत होता, आणि माझ्यासमोर पाणी नव्हतेच, ते मागच्या होलवर राहिले होते.

इथवर लिहिल्यावर जरा थांबले, कारण माझ्या लक्षात आले की मी व्हान द वेल्डवर उगाचच खार खाते आहे. त्या माणसाने कधीच रडगाणे गायले नाही. त्याच वर्षी डिसेंबरात तो कार्नूस्टीला परत आला आणि एका जाहिरातीसाठी तो अठरावा होल केवळ पटर घेऊन खेळला, आणि तिसऱ्या प्रयत्नात त्याने तो सहा फटक्यांत पूर्ण केला! जुलैमध्ये तेवढेच सहा पुरले असते. स्वतःच्या जखमेवर असे हसता येणाऱ्या माणसावर मी काय म्हणून रागवावे? माझा राग त्याच्यावर नाही, आपल्यावर आहे. आपल्याला कोसळणारा माणूस पाहायला आवडतो, कारण तो आपल्यासारखा वाटतो, आणि चार नंबरच्या आयर्नने चार फुटांवर चेंडू ठेवणारा माणूस आपल्यासारखा वाटत नाही. मी स्वतःही अनेक वर्षे १९९९ म्हटले की ओढ्यातला माणूसच सांगत असे. लॉरीचे ते चार होल मी पहिल्यांदा नीट शोधून पाहिले ते त्या बक्षीस समारंभाच्या रात्री, करंडक टेबलावर ठेवून, चिडून. तेव्हा सकाळच्या त्या गृहस्थांवर मी फार तोंड टाकू नये हे खरे, पण मी टाकणार आहे.

पुढे २००७ मध्ये ओपन पुन्हा कार्नूस्टीला आली. पॉड्रिग हॅरिंग्टनने अठराव्यावर दोनदा चेंडू बॅरी बर्नमध्ये घातला, तरी प्लेऑफमध्ये गार्सियाला हरवून तोच जिंकला. त्याची कहाणी मात्र सगळे जिंकल्याची कहाणी म्हणून सांगतात, कारण ओढ्यात जाणारा आणि जग उचलणारा माणूस एकच होता. लॉरीचा गुन्हा एवढाच की त्याच्याऐवजी दुसरा कोणीतरी पाण्यात उतरला. स्वतःच्या देशात, घरापासून फारशा लांब नसलेल्या मैदानावर ओपन जिंकून आणि पुढे १९९९ व २०१२ असे दोन रायडर कप (युरोप विरुद्ध अमेरिका सांघिक स्पर्धा) खेळूनही त्याला “लॉरी कोण?” हेच ऐकावे लागते.

ताईंचे एक सांगायचे राहिले. त्या समारंभात त्या माझ्याशी फार बोलल्या नव्हत्या, आणि मीही त्यांच्याजवळ गेले नव्हते, कारण काय बोलावे ते मला सुचले नव्हते. दोन-तीन आठवड्यांनी मी एकटीच त्या ग्रीनवर उभी असताना त्या मागून आल्या, मला बाजूला केले आणि बुटाचे टोक बरोबर त्या जागी टेकवले.

“इथेच होता ना तुझा चेंडू?” त्या म्हणाल्या. “उतार उजवीकडे. मी छत्रीखालून बघत होते. कपभर डावीकडे धरलास तू.”

“दीड कप,” मी म्हणाले.