गोधडीचं कापड आणि गोव्याचा बाजार

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार असो की मडगाव, गोधडीसाठी कापड घ्यायला गेलं की तेच! ‘प्युअर कॉटन’ म्हणून हातात येतं ते पॉलिएस्टर मिसळलेलं. कडेचे दोन धागे काढून घरी जाळा: सुताची राख कागदासारखी भुरभुरते, पॉलिएस्टरची कडक गुठळी होते. आणि ती कुणबी चौकडी, म्हणजे गोव्यातल्या कुणबी बायकांच्या साडीचं लाल चौकड्यांचं कापड! लाल रंग कच्चा असला तर पहिल्याच धुण्यात शेजारचा पांढरा तुकडा गुलाबी. एवढे तास घालून घातलेले टाके वाया! रंग सुटतो का, ते ओला पांढरा रुमाल घासून बघू द्यायला दुकानदारांची एवढी खळखळ का? वर कापतातही तिरकं. सरळ करताना 2-3 इंच जातात, धुतल्यावर सूत आणखी आटतं. म्हणून सव्वा मीटर मागावं, तर म्हणे वरचा पाव मीटर सुटा मिळणार नाही!