केराची पाळी

श्टुटगार्टमधल्या भाड्याच्या घरात राहायला गेल्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी कामावरून परतलो, तेव्हा दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकत होती. तिच्यावर झाडू आणि बादली रंगवलेली होती आणि खाली वळणदार अक्षरांत एकच शब्द होता : ‘केरवोखे’. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात शिकलेले माझे तुटपुंजे जर्मन त्या शब्दापाशी थबकले. ‘वोखे’ म्हणजे आठवडा एवढे कळले आणि ‘केर’ तर चक्क मराठी निघाला. नव्या बिऱ्हाडकरूच्या स्वागतासाठी शेजाऱ्यांनी स्थानिक कलाकुसरीचा नमुना दिला असावा अशी समजूत करून घेऊन मी पाटीचा फोटो काढला, ‘इथली माणसे फार अगत्यशील आहेत’ अशा मजकुरासह तो घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला आणि पाटी होती तिथेच मोठ्या कौतुकाने राहू दिली.

ती तिथे तीन आठवडे राहिली. चौथ्या आठवड्यात घरमालकांचे पत्र आले. त्यातून मला कळले की ‘केरवोखे’ म्हणजे अक्षरशः झाडण्याचा आठवडा असून पाटी ज्याच्या दारावर असेल त्याने आपल्या मजल्यापुढची जागा आणि खालच्या मजल्यापर्यंतचा जिना झाडून, ओल्या फडक्याने पुसून, आठवडा संपताच पाटी समोरच्या दारावर लावायची असते. मी झाडले तर नव्हतेच, पण पाटी अडवून ठेवल्यामुळे समोरच्यांनाही झाडता येत नव्हते; कारण पाटी माझ्याकडे असताना त्यांनी झाडू उचलणे म्हणजे माझ्या अधिकारावर अतिक्रमण झाले असते. तीन आठवडे ते सभ्य कुटुंब धुळीतून पाऊल टाकत मला ‘सुप्रभात’ म्हणत होते. ‘जिन्यात चपला काढू नयेत, काढल्यास त्या पुन्हा दिसतील अशी आशा बाळगू नये’ अशा पाट्या वाचत लहानाचा मोठा झालेला मी पुणेकर, एकाच शब्दाच्या पाटीने चारीमुंड्या चीत झालो होतो.

ही प्रथा कालपरवाची नाही. हे श्वाबेन लोकांचे, म्हणजे जुन्या वुर्टेमबेर्ग मुलखाचे खास वैशिष्ट्य असून, तिथल्या एबरहार्ड नावाच्या दाढीवाल्या काउंटच्या काळात, 1492 साली, प्रत्येकाने आपली घाण दर आठवड्याला उचलून गावाबाहेर न्यावी असे श्टुटगार्टच्या नगरनियमांत लिहिले गेले. त्याच वर्षी कोलंबस भारत शोधायला निघाला होता. त्याला भारत काही सापडला नाही, पण त्या नियमाला पाचशे वर्षांनी का होईना, भारतीय सापडला. 1988 मध्ये नगरपालिकेने आपल्या बाजूने ही सक्ती काढून टाकली, असे एका सहकाऱ्याने मला समजावले, तेव्हा माझ्या जिवात जीव आला होता; परंतु भाडेकरारातली सक्ती शाबूत आहे, हे त्याने दुसऱ्या वाक्यात सांगितले. करारावर मी प्रत्येक पानावर सही केली होती. मुंबई आणि श्टुटगार्ट ही 1968 पासून भगिनी-नगरे आहेत, हेही त्यानेच सांगितले. बहिणी-बहिणींत एकीने सगळा केर काढायचा आणि दुसरीने तो करायचा, अशी वाटणी असावी.

साधने विकत घ्यायला गेलो तेव्हा आणखी एक गंमत झाली. वर्गात शिकलेले शब्द इथल्या बोलीत चालत नाहीत. सुपलीला इथले जुने लोक ‘कुटरशाउफल’ म्हणतात आणि हातझाडूला ‘केरविश’. पुन्हा केर! दोन भाषांमधले हे साम्य निव्वळ योगायोगाचे असेल, पण ज्याने पुण्यात उभ्या आयुष्यात केरसुणीला हात लावला नाही, त्याला सात हजार किलोमीटरांच्या आसपास आणून मातृभाषेतून केर काढायला लावणे, यात मला कोणाचा तरी हेतू दिसतो. पुण्याला आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी केर काढू लागल्या की मी फक्त पाय वर घेत असे. घरकामातले माझे योगदान तेवढेच होते आणि जिन्यात त्याचा काही उपयोग नव्हता.

खरी पंचाईत मात्र वेळेची होती. डिसेंबरात तिथे साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. मी कामावरून सहाला घरी येणार, म्हणजे झाडू हातात घेईपर्यंत दिवेलागण केव्हाच टळलेली असणार. एकदा व्हिडिओ कॉल चालू ठेवून झाडायला लागलो, तर पलीकडून आई कळवळून म्हणाली, “अरे, तिन्हीसांजेला केर काढतोस? लक्ष्मी जाते घरातून!” मी तिला सांगितले की आई, इथे केर काढला नाही तर लक्ष्मी घरमालकांच्या वकिलाकडे जाते. त्यावर तिने तोडगा काढला : केर काढावा, पण बाहेर टाकू नये, कोपऱ्यात गोळा करून ठेवावा आणि सकाळी उचलावा. दुसऱ्या दिवशी सकाळी तळमजल्यावरच्या आजी त्या कोपऱ्यातल्या ढिगापुढे, अपघाताच्या जागी थांबावे तशा, थांबलेल्या मला दिसल्या.

या आजींनी मला कधी एक शब्दही लावला नाही. त्या फक्त कठड्यावरून बोट फिरवत आणि मग त्या बोटाकडे पाहत. श्वाबेन लोकांत एक म्हण आहे, तिचा अर्थ असा की रागावलो नाही म्हणजे पुरेसे कौतुक झाले. आमच्या सदाशिव पेठेत ही म्हण नुसती कळली नसती, तर पाटीवर लागली असती.

एका आठवड्यात पाटी माझ्याकडे आणि कंपनीच्या कामासाठी मी वोल्फ्सबुर्गला, असा योग आला. शनिवारी दुपारपर्यंत परतून जिना उरकायचा बेत होता. पण मानहाइमला गाडी बदलताना मी पूर्ण आत्मविश्वासाने चुकीच्या फलाटावर उभा राहिलो, आणि पुढच्या गाड्यांची साखळी जुळवता जुळवता घरी पोचायला रात्रीचे साडेअकरा वाजले. रात्री दहानंतर आवाज करायचा नाही आणि रविवारी तर झाडू दिसताही कामा नये. शेवटी बूट काढून, मोजे घातलेल्या पायांनी, चोरासारखा झाडू लागलो. जिन्यातला दिवा बटण दाबल्यावर दोन-तीन मिनिटेच जळतो. चार पायऱ्या झाल्या की काळोख, मग भिंत चाचपत वर जाऊन बटण दाबायचे, की पुन्हा चार पायऱ्या. पुसायची पाळी आली तेव्हा लांब दांड्याचे पोतेरे कठड्यावर आपटेल या भीतीने मी सरळ उकिडवा बसलो आणि मावशींना हजारदा पाहिले होते तसे, फडके अर्धवर्तुळात फिरवत, मागे मागे सरकत निघालो. तळाशी पोचलो तोच दिवा लागला. रात्रीच्या झग्यात आजी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग ओल्या पायऱ्यांच्या कोपऱ्यांकडे पाहिले, आणि विचारले, “आपण असे किती वेळ बसू शकता?”

त्यानंतर कठड्यावरची बोटे थांबली. उलट गुडघ्यांची तक्रार सांगत त्यांनी दोनदा आपला आठवडा माझ्याशी बदलून घेतला.

2023 साली लक्ष्मीपूजन नेमके रविवारी, 12 नोव्हेंबरला आले आणि पाटी माझ्या दारावर होती. केरसुणी कुठून आणणार? पाटावर केरविश ठेवून तिलाच हळदकुंकू वाहिले आणि दाराबाहेर लहानशी रांगोळी काढली. थोड्या वेळाने आजी पत्र द्यायला वर आल्या आणि रांगोळीशी थबकल्या. पाळीच्या आठवड्यात, पाळी असलेल्या माणसानेच, जिन्यात हाताने पांढरी पूड पसरून ठेवली होती. “हे सांडले आहे का?” त्यांनी विचारले. मी शक्य तेवढ्या व्याकरणशुद्ध जर्मनमध्ये सांगितले की आज आमच्याकडे लक्ष्मीची पूजा असते आणि झाडू हे तिचे रूप असल्याने झाडूचीही पूजा करतात. आत डोकावून त्यांनी पाटावरच्या केरविशकडे, तिच्यावरच्या कुंकवाच्या ठिपक्याकडे बराच वेळ पाहिले आणि काही न बोलता खाली गेल्या.

आता घरमालकांचे दुसरे पत्र येणार, असे मी धरून चाललो होतो. पाचेक मिनिटांत त्या कठडा धरत पुन्हा वर आल्या. हातात त्यांची स्वतःची, दांडीचा रंग उडालेली जुनी केरविश होती, आणि आणण्याआधी त्यांनी ती धुऊन घेतली असावी, कारण तिच्यातून पाणी टपकत होते. “हिलाही लावा,” त्या म्हणाल्या. मी हळदकुंकू लावले. त्यांनी केरविश उलटसुलट करून पाहिली, मान डोलावली, आणि जाता जाता रांगोळीकडे बोट दाखवून म्हणाल्या, “आज रविवार आहे म्हणून राहू दे. उद्या सकाळी सातच्या आत.”