गेम मवाळ झालाय म्हणे!

"हा फुटबॉल राहिला नाही. शिवणापाणी झालंय नुसतं!"

मन्याचा हा डायलॉग दर शनिवार-रविवारी ठरलेला. त्याच्या टीमच्या डिफेंडरला लाल कार्ड मिळालं की खेळ मवाळ झालेला असतो, समोरच्याच्या डिफेंडरला मिळालं की "नियम म्हणजे नियम". या वेळी मात्र कार्डावरून निघालेली गाडी डोक्यापर्यंत गेली आणि मधल्या प्रत्येक स्टेशनावर कोणी ना कोणी भांडायला चढलं, म्हणून लिहून ठेवतोय.

"मागून पाय घालून टॅकल करायला बंदी घातली तिथेच डिफेंडरचा जीव गेला," मन्या म्हणाला.

"कधी घातली, सांग बरं?" दिग्याने विचारलं. दिग्याने असं विचारलं की समजायचं, उत्तर त्याच्या खिशात आहे.

"असेल. व्हीएआर, तो व्हिडिओ रेफ्री, आला तेव्हा."

"१९९८! तू ज्या डिफेंडरांचे जुने व्हिडिओ बघून उसासे टाकतोस ना, त्यातले निम्मे त्या नियमानंतरचे आहेत. आणि नियम आला का? डच स्ट्रायकर व्हॅन बास्टेनचं नाव ऐकलंयस ना? तीन वेळा बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा किताब. शेवटची मॅच १९९३ची चॅम्पियन्स लीग फायनल. वय अठ्ठावीस! त्यानंतर दोन वर्षं घोट्याच्या ऑपरेशनांत घालवली आणि तिशीत निवृत्ती जाहीर केली. घोट्यावर मागून किती लाथा बसल्या असतील याचा हिशोबच नाही."

"एखाद्याचं नशीब वाईट असतं."

"मॅराडोनाचंही वाईट? १९८३ला बार्सिलोनाकडून खेळताना बिल्बाओच्या गोइकोएचियाने मागून येऊन त्याचा घोटा मोडला. म्हणतात, ते बूट त्याने घरी काचेच्या पेटीत जपून ठेवलेत."

इथे मन्याने मदतीसाठी नानांकडे पाहिलं. नाना आमच्याहून वीस-पंचवीस वर्षांनी मोठे, तरुणपणी सेंटर हाफ, म्हणजे मधला डिफेंडर, म्हणून खेळलेले. आम्ही काहीही म्हणालो तरी "तुम्ही काय बघितलंय रे" हे त्यांचं पहिलं वाक्य असतं. जुन्या खेळाची बाजू घेणार तर तेच, असा मन्याचा हिशोब.

"आम्ही मारायचो," नाना सरळ म्हणाले. "पहिल्या दहा मिनिटांत समोरच्या स्ट्रायकरला एक द्यायची. पहिल्या फाउलला रेफ्री कार्ड काढत नाही हे पक्कं ठाऊक असायचं. दिली की बाहेरून टाळ्या पडायच्या. पडायच्या म्हणजे पडायच्याच."

"बघा! लोकांना आवडायचं!"

"आवडायचं रे. बॅटिस्टॉनचं झालं तेव्हाही जर्मनीवाले काय रडत बसले होते का?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९८२च्या वर्ल्ड कपची सेमीफायनल, सेव्हिया, पश्चिम जर्मनी विरुद्ध फ्रान्स. बदली म्हणून आलेला बॅटिस्टॉन एकटा गोलकडे निघाला, जर्मन गोलकीपर शूमाखर चेंडू सोडून थेट त्याच्यावर आदळला. बॅटिस्टॉन बेशुद्ध, दात पडले, मणक्याला इजा. रेफ्रीने काय द्यावं? लाल नाही, पिवळं नाही, फाउलसुद्धा नाही. गोल किक! पुढे पेनल्टी शूटआउटमध्ये त्याच शूमाखरने जर्मनीला फायनलला नेलं. दातांचं कळल्यावर तो म्हणाला, एवढंच असेल तर खर्च मी देतो.

"हे आज झालं तर कोणी 'खेळ मवाळ झाला' म्हणेल का?" दिग्याने विचारलं. मन्या म्हणाला, "ते वेगळं." काय वेगळं ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

संज्या तोवर गप्प होता. त्याचा स्वभाव असा की नियम चांगला असला तरी तो आणणाऱ्याचा खिसा आधी तपासायचा. "तुम्ही दोघं टॅकलवर भांडत बसा," तो म्हणाला. "सुरक्षेच्या नावाखाली खरा माल दुसरीकडे खपतो. पाच बदली खेळाडू घ्या. २०२०मध्ये करोनानंतर एकावर एक सामने होते, म्हणून तात्पुरती सवलत दिली. २०२२मध्ये कायमची झाली. खेळाडूंना विश्रांती! पण बेंचवर पाच तगडे गडी कोणाकडे असतात? श्रीमंत क्लबांकडे. सत्तराव्या मिनिटाला निम्मी टीम ताजी. छोट्या क्लबच्या चाहत्याने चिडायचं नाही तर काय करायचं?"

"म्हणून खेळाडूंनी मरेपर्यंत पळायचं?" प्राजक्ता पहिल्यांदा बोलली.

"तसं नाही गं. पण फायदा कोणाला हे बघ की. २०१४, मेक्सिको विरुद्ध हॉलंड. फोर्तालेझाचं ऊन, वर्ल्ड कपमध्ये पहिल्यांदा पाणी प्यायला अधिकृत ब्रेक. मेक्सिको एक गोलने पुढे. हॉलंडचा कोच व्हॅन गालने त्या ब्रेकमध्ये डावपेच बदलले, आणि नंतर उघड सांगितलंसुद्धा. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला स्नायडरचा गोल, इंजुरी टाइममध्ये पेनल्टी, मेक्सिको घरी. आता २०२६च्या वर्ल्ड कपसाठी फिफाने जाहीर केलं, प्रत्येक सामन्यात, प्रत्येक हाफमध्ये तीन मिनिटांचा ब्रेक, हवा कशीही असो. छताखाली एसी चालू असला तरी! हवा कशीही असो म्हटल्यावर मग ते उन्हासाठी कसं? जाहिरातीसाठीच ना?"

या मुद्द्यावर संज्याला उत्तर देणं अवघड आहे, असं माझं प्रामाणिक मत. उन्हात पाणी द्यायलाच हवं, त्यावर वाद नाही. पण ऊन नसतानाही द्यायचं ठरलं की चाहता पुढच्या खऱ्या नियमाकडेही संशयाने बघतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

प्राजक्ताने संशय मान्य केला, पण तिला बोलायचं होतं डोक्याबद्दल. ती फिजिओथेरपिस्ट आहे. सामना बघताना ती चेंडूकडे कमी आणि पडलेल्या माणसाकडे जास्त बघते, त्यामुळे तिच्याबरोबर मॅच बघणं म्हणजे शिक्षा आहे.

"२०१४च्याच वर्ल्ड कपची फायनल आठव. जर्मनीचा क्रामर."

मन्या हसायलाच लागला. तो किस्सा आहेच तसा. खेदिरा वॉर्म-अपमध्ये जायबंदी झाला म्हणून क्रामरला ऐनवेळी उतरवलं. सतराव्या मिनिटाच्या आसपास अर्जेंटिनाच्या गाराईचा खांदा त्याच्या तोंडावर बसला. तो उठला, खेळत राहिला, आणि थोड्या वेळाने रेफ्री रिझोलीला जाऊन विचारतो, "ही फायनल आहे का?" रेफ्रीला वाटलं थट्टा करतोय. एकतिसाव्या मिनिटाला त्याला बाहेर काढलं.

"हस," प्राजक्ता म्हणाली. "त्या चौदा मिनिटांत दुसरा मार बसला असता तर? पहिल्या धक्क्यातून मेंदू सावरला नसताना दुसरा बसला की तो किती महागात पडेल सांगता येत नाही. आणि जो माणूस कुठल्या मॅचमध्ये आहे हे विसरलाय, त्यालाच आपण विचारतो, 'खेळशील का?' तो हो म्हणणारच! त्याच स्पर्धेत उरुग्वेचा परेरा इंग्लंडविरुद्ध बेशुद्ध पडला. डॉक्टर बेंचकडे बदलीची खूण करतोय आणि हा डॉक्टरवरच ओरडतोय. शेवटी खेळलाच."

"जिगर आहे यार."

"हेच! हेच म्हणता तुम्ही. २०१३ला टॉटनहॅमचा लोरिस बेशुद्ध पडून परत उभा राहिला, तेव्हा त्याच्या कोचनेही जिगरीचंच कौतुक केलं होतं."

मन्या आर्सेनलवाला. दिग्याने नेमकी तिथली जखम उकरली. "नोव्हेंबर २०२०. वुल्व्ह्जविरुद्ध. डेव्हिड लुईझ आणि राऊल हिमेनेझची डोकी आदळली. हिमेनेझची कवटी फुटली, स्ट्रेचरवरून गेला. आणि तुमचा लुईझ डोक्याला पट्टी बांधून हाफटाइमपर्यंत हेडर, म्हणजे डोक्याने चेंडू, मारत होता. तेव्हा तू काय म्हणाला होतास?"

मन्या काही बोलला नाही. तो काय म्हणाला होता ते आम्हा सगळ्यांना आठवत होतं. "याला म्हणतात डिफेंडर."

त्यानंतर महिन्याभरातच काँकशनसाठी, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूला धक्का बसला तर, जादा बदली खेळाडूची चाचणी मंजूर झाली, २०२१च्या फेब्रुवारीत प्रीमियर लीगने ती सुरू केली, आणि २०२४पासून ज्या स्पर्धांना हवं त्यांच्यासाठी ती नियमात कायम झाली. डोक्याला मार बसलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा आणायचा, तो नेहमीच्या बदल्यांत मोजायचा नाही, आणि बरोबरी राहावी म्हणून समोरच्यालाही एक जादा बदली द्यायची. पण बाहेर गेलेला परत येऊ शकत नाही.

"आणि घोळ तिथेच आहे," प्राजक्ता म्हणाली. "डॉक्टरला दोन-तीन मिनिटांत, गवतावर गुडघे टेकून, हजारो लोक ओरडत असताना ठरवायचंय. चुकून काढला तर कोच खाणार, चुकून ठेवला तर खेळाडू मरणार. रग्बीत बघ, संशय आला की आत नेतात, शांतपणे तपासतात, तोवर दुसरा खेळतो. ठीक असला तर परत. २०२३मध्ये प्रीमियर लीग, फ्रान्सची आणि अमेरिकेची लीग हेच मागत होत्या, तात्पुरती बदली. नियम बनवणाऱ्यांनी नाही म्हटलं."

"बरोबरच केलं!" आता मन्या आणि संज्या एकाच बाजूला, जे दुर्मिळ आहे. "तात्पुरती बदली दिली की शेवटच्या पाच मिनिटांत सगळ्यांनाच चक्कर येईल. गोलकीपर आत्ताच कसे आडवे पडतात बघतेस ना? रग्बीचंच सांगतेस तर २००९ आठव." संज्या रंगात आला. "हार्लेक्विन्स या इंग्लिश रग्बी क्लबच्या खेळाडूने खोट्या रक्ताची कॅप्सूल तोंडात फोडली, कारण रक्त आलं तर बदली मिळते आणि किक मारणारा परत आणता येतो. बाहेर जाताना डोळा मारताना कॅमेऱ्यात सापडला!"

"मग काय केलं? रक्ताची बदली बंद केली?" प्राजक्ताने विचारलं. "नाही. त्यांच्या मुख्य माणसावर तीन वर्षांची बंदी घातली. लबाडी झाली तर लबाडाला धरा ना. जखमीचा उपचार कशाला बंद करता?"

हा मुद्दा तिने जिंकला, असं मी नोंदवतो. संज्या मान्य करणार नाही.

मग नानांचा पारा चढला, कारण कोणीतरी लहान मुलांच्या हेडरबंदीचा विषय काढला. अमेरिकेत दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर बंद, स्कॉटलंडमध्ये २०२०पासून बारा वर्षांखालच्यांना सरावात बंद, इंग्लंडमध्येही लहान गटांच्या सामन्यांतून टप्प्याटप्प्याने काढलाय.

"हेडर काय एकदम सोळाव्या वर्षी शिकणार? मान कधी तयार होणार? वेळ कधी साधणार? चुकीचा हेडर जास्त लागतो, हे खेळलेल्यालाच कळतं. आणि आमचा चेंडू चामड्याचा होता, ओला झाला की दगड. आत्ताचे हलके."

"नाना, नियमातलं वजन तेव्हाही जवळपास एवढंच होतं, आत्ता ४१० ते ४५० ग्रॅम," दिग्या म्हणाला. "तुमचा पाणी प्यायचा हे खरं. पण आत्ताचा कोरडा राहतो आणि जास्त वेगाने येतो."

प्राजक्ताने आवाज खाली आणला, कारण पुढचं नानांना उद्देशून होतं आणि तिला ते माहीत होतं. "ग्लासगोचा अभ्यास आहे, २०१९चा. स्कॉटलंडचे साडेसात हजारांहून जास्त जुने व्यावसायिक खेळाडू. हृदयविकाराने कमी मेले. पण मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मरण्याचं प्रमाण इतरांच्या साडेतीन पट. पुढे जागेप्रमाणे पाहिलं तेव्हा गोलकीपरांचा धोका जवळजवळ सामान्य माणसाइतकाच, आणि सगळ्यात जास्त डिफेंडरांचा."

"म्हणजे आमचा."

"तुम्ही व्यावसायिक नव्हतात, नाना. पण हो. १९६६ला वर्ल्ड कप जिंकलेल्या इंग्लंडच्या टीममधल्या पाच जणांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झाला. दोन्ही चार्ल्टन भाऊ त्यात."

नाना मागे हटले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. "मग मोठ्यांचा बंद करा. पगार घेतात ते. पोरांचं शिकणं कशाला बंद करता?" उलटाच तर्क, पण पूर्ण चुकीचा म्हणवत नाही. मोठ्यांना इंग्लंडमध्ये सरावात आठवड्याला दहाच जोरदार हेडर मारा अशी सूचना आहे. ते दहा कोण मोजतं, यावर कट्ट्यावर बराच वेळ गेला.

संज्याने शेवटी एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, आणलं. तो पहाटे उठून बघतो. तिथे २०२४पासून किकऑफला धावत येऊन आदळायचं बंद केलं, दोन्ही टीम समोरासमोर आधीच उभ्या. "बुजगावणी उभी केल्यासारखी. चाहते शिव्या घालत होते."

"आणि मग?"

"मग काय, रिटर्न वाढले," तो नाखुशीने म्हणाला. "आता बघायला मजा येते."

"आणि फॉरवर्ड पास कुठून आला?" दिग्याचा खिसा पुन्हा उघडला. "१९०५च्या सीझनमध्ये तिकडे किमान अठरा पोरं मेली. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसला बोलावलं. १९०६ला गर्दीत चिरडणं कमी व्हावं म्हणून हाताने पुढे पास द्यायची मुभा दिली. तू पहाटे उठून जे बघतोस, ते सुरक्षेच्या नियमातून आलंय!"

मला कोणी मत विचारलं नाही, पण लिहिणारा मी आहे, म्हणून सांगतो. नियम कडक आहे की मवाळ, हा आमचा वाद नसतोच. आज तो कोणाला महाग पडला, हा असतो. आणि पट्टी बांधून खेळणाऱ्याला मैदानात ठेवण्यात टाळ्यांचा वाटा कोचइतकाच असतो. नानांनी खाल्लेल्या टाळ्या, मन्याने लुईझसाठी वाजवलेल्या, आणि हो, मी वाजवलेल्याही. म्हणून तो निर्णय खेळाडू, कोच आणि प्रेक्षक या तिघांच्याही हातून काढून घ्यावा. डॉक्टर क्लबच्या पगारावरचा असू नये, एवढी माझी भर.

"ठीक आहे," मन्या उठता उठता म्हणाला. "द्या तुमची तात्पुरती बदली. दहा मिनिटं तपासा. पण एक अट. तपासताना वेळ वाया गेला तर घड्याळ थांबवायचं. एक सेकंद फुकट जाता कामा नये."

"घड्याळ थांबवलंस?" संज्या म्हणाला. "मग त्या दहा मिनिटांच्या जाहिराती मी आजच विकतो."