तांबड्या भाजीच्या दोन जुड्या

आमच्या वाड्यावरच्या काकींनी उभी हयात वायंगणात, म्हणजे उन्हाळी पिकाच्या शेतात, भाजी पिकवली आणि डोक्यावर पाटी घेऊन गोव्यातल्या डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात विकली. परवा त्यांच्याकडे गेले तर समोर उकड्या तांदळाची पेज आणि लोणच्याची फोड, बस्स. भाजी का नाही विचारलं तर म्हणाल्या, ‘हाडटलो कोण गो?’ आणणार कोण गं?

रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही.

रेशनवर तांदूळ मिळतो. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून पेन्शनचे महिन्याला २००० रुपये येतात, ते गोळ्या, विजेचं बिल आणि गॅसमध्ये संपतात. भाजीचा नंबर लागतच नाही. वर गुडघे गेलेले, बाजार गाठायचा कसा?

सरकारी फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर स्वस्त भाजी मिळते, त्याचा आधार मोठा आहे. पण तिथली बरीचशी भाजी बेळगावहून येते. तांबडी भाजी (लाल माठ), वाल, सात शिरांची भेंडी, पावसात टायकिळा (टाकळा), फागलां (कर्टोली) हे सगळं गोणपाट अंथरून बसलेल्या गावच्या बायकांकडेच. दात नसलेल्या माणसाला मऊ शिजलेली पालेभाजी किती सोयीची, हे वेगळं सांगायला नको.

अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या, साठीपुढच्या लोकांना सरकार कुपनं देतं. ती शेतकरी बाजारात द्यायची आणि ताजी फळं, भाज्या, अगदी मधसुद्धा घ्यायचा. आपल्याकडे हे का होऊ नये? दयानंद योजनेची यादी सरकारकडे तयार आहे. कुपन पंचायतीतून द्यावं, विकणाऱ्या बाईने ते पंचायतीतच देऊन पैसे घ्यावेत. ज्यांना चालवत नाही त्यांच्या दारी सेल्फ हेल्प ग्रुपने पिशवी पोचवावी, त्याचा मोबदला त्या बायकांना मिळावा. कुणी म्हणेल, त्यापेक्षा पेन्शनच वाढवा. जरूर वाढवा. पण हातात आलेला पैसा आधी औषधाच्या दुकानात जातो, हे मी रोज बघते. भाजीचं कुपन भाजीलाच लागेल, आणि बाजारातल्या बाईची पाटीही रिकामी होईल.

गेल्या बुधवारी काकींना तांबड्या भाजीच्या दोन जुड्या नेऊन दिल्या. त्यांनी पानं उलटून पाहिली, देठ मोडून बघितला आणि ‘शेणखताची’ म्हणाल्या. मग पानं त्या दिवसाला चिरली, देठं दुसऱ्या दिवसाला ठेवली.

येत्या बुधवारी माझी ड्युटी आहे. वाड्यावरून कुणी बाजाराला जाणार असेल, तर जाताना काकींची पिशवी घेऊन जा.