ट्रायल वापरली कोणी? आम्ही तर नाही!

सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितोय, मोठं होईल, कंटाळा आला तर सोडून द्या.

भाचीने लॅपटॉप घेतला. सेकंडहँड, 18 हजारांचा, शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशातनं. कॉलेजच्या प्रोजेक्टला व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर पाहिजे होतं, 7 दिवस ट्रायल फुकट. पोरीने आयुष्यात पहिल्यांदा ते उघडलं, नवा ईमेल टाकला, आणि स्क्रीनवर काय, तर या डिव्हाइसवर ट्रायल आधीच वापरलेली आहे. "मामा, मी काहीच नाही केलं गं... रे" म्हणाली, घाबरून गं-रे पण चुकली.

अरे वापरली असेल आधीच्या मालकाने! तिचा काय संबंध?

मी शहाणा, म्हटलं फॉरमॅट मारू. रविवार दुपार त्यात गेली आणि परत तेच. कारण ट्रायल वापरल्याची खूण नुसती आपल्या मशीनमध्ये नसते, मदरबोर्डचा नंबर, डिस्कचा सिरीयल, नेटवर्क कार्डचा मॅक अॅड्रेस (म्हणजे त्याचा ओळख क्रमांक) असलं सगळं कालवून एक ओळख बनवतात आणि ती बसते त्यांच्या सर्व्हरवर. विंडोज नवं टाकलं तरी मदरबोर्ड तोच ना. म्हणजे यांच्या लेखी माणूस म्हणजे मदरबोर्ड. आपल्याकडे एक कॉम्प्युटर बाप, पोरगा, काकू, शेजारचा बंट्या सगळे वापरतात, आणि मग तो ओएलएक्सवर जातो, हे कोणाच्या डोक्यातच नाही.

मग दुसरी एक ऑनलाइन सर्व्हिस बघितली, माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. तिथे वेगळंच, या नेटवर्कवरून खूप अकाउंट झालेत म्हणे! इंटरनेटवर प्रत्येक जोडणीला एक आकडी पत्ता लागतो, त्यातले जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही4 चे, पत्ते जगात मिळून साधारण 430 कोटी, ते कधीच पुरेनासे झाले, म्हणून मोबाइल कंपन्या ढीगभर गिऱ्हाइकांना एकाच पत्त्यामागे बसवतात. त्यातल्या कुणी दहा अकाउंट काढली की दार आमच्या तोंडावर बंद. चाळीत एकाने भाडं थकवलं म्हणून सगळ्यांचं पाणी तोडा, असला न्याय.

हो, फुकटे आहेत, मान्य. मीच होतो की. कॉलेजात असताना घड्याळाची तारीख मागे घेऊन 30 दिवसांची ट्रायल मी वर्षभर चालवलीय, तेव्हा मजा वाटायची. फाइली दाबून लहान करणारं आणि परत उघडणारं ते विनरार तर ट्रायलचे 40 दिवस संपले तरी बिचारं नुसती आठवण करून द्यायचं आणि फाइल उघडून द्यायचं, कसला भला माणूस! आज हे कुलूप लागलंय त्यात माझ्यासारख्यांचाही हात आहे, नाही म्हणत नाही. पण भोगायचं भाचीने?

सपोर्टला मेल केला, लॅपटॉपचं बिल जोडलं. दोन मिनिटांत उत्तर, तुमची ट्रायल संपली आहे, कृपया प्लॅन निवडा. कृपया म्हणे.

आता ती मैत्रिणीच्या लॅपटॉपवर बसलीय, तिथे लगेच चालू झालं. खूश आहे. आता पुढच्या महिन्यात त्या मैत्रिणीला ट्रायल हवी झाली, तर काय सांगायचं ते भाचीनेच ठरवावं, मी फोन बंद ठेवणारे.