चार दिवसांचा हंगाम आणि पाळीवरची झुंबड

गोंदिया जिल्ह्यातील आमच्या गावच्या मामा तलावावर, म्हणजे मालगुजारांच्या काळापासून चालत आलेल्या सिंचन तलावावर, रविवारी नागपूरहून गळ घेऊन येणाऱ्या हौशी मंडळींची संख्या वाढली आहे. तलाव ठेक्याने घेतलेल्या ढिवर समाजाच्या सहकारी संस्थेत त्यावरून वाद सुरू आहे. हौशींना वर्षातून चारच दिवस मोकळीक द्यावी, एरवी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, फिरकू देऊ नये, असा बहुतेकांचा कल असल्याचे धाकट्या भावाने फोनवर सांगितले. मी फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर राहतो, आणि या उपायाचे परिणाम येथे पाहायला मिळाले असल्याने तो मला पटत नाही.

मेक्सिकोच्या आखातात रेड स्नॅपर हा आपल्या तांबोशीच्या कुळातला मासा मिळतो. २०१७ साली अमेरिकेच्या संघीय सरकारने खासगी बोटींच्या हौशी मच्छीमारांना त्यासाठी आधी अवघे ३ दिवस दिले आणि ओरड झाल्यावर ३९ दिवस वाढवले. गंमत अशी, की मासा वाढत असताना दिवस घटत गेले होते: मासे मोठे आणि मुबलक झाल्याने वर्षाचा कोटा झपाट्याने संपे, शिवाय किनाऱ्यालगतच्या पाण्यात राज्यांनी स्वतःचे लांब हंगाम ठेवले होते आणि तेथील मासाही त्याच कोट्यातून वजा होई.

हंगाम आखूड झाला की माणसे बदलतात. एरवी वारा पाहून घरी बसणारा गृहस्थ आजचा दिवस हुकला तर थेट पुढचे वर्ष, या हिशेबाने खवळलेल्या समुद्रात बोट घालतो. बोटी उतरवण्याच्या उतारावर उजाडण्यापूर्वीच ट्रेलरची रांग लागते आणि हमरीतुमरी होते. माणशी दोनच मासे नेता येत असल्याने लहान मासा परत टाकून मोठ्याची वाट पाहिली जाते. पण खोल पाण्यातून भरकन वर ओढलेल्या माशाची हवेची पिशवी फुगलेली असते, जठर तोंडातून बाहेर आलेले असते, आणि सोडला तरी तो पुष्कळदा तळ गाठत नाही. पुढे हंगाम ठरवण्याचे काम राज्यांकडे आले. २०२५ साली फ्लोरिडाने तो १२६ दिवसांवर पसरवला.

आमच्या तलावाचे गणित आणखी वेगळे आहे. रोहू, कतला, मृगळ साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. संस्था बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्ले, विकत आणून सोडते. तेव्हा हिशेब लागतो तो बाहेर गेलेल्या माशांचा, आणि चार दिवस पाळ माणसांनी भरली तर तो कोण ठेवणार? (मरळ मात्र तलावातच पिल्ले राखते, पावसाळ्यात तिला हात लावू देऊ नये.) वर्षभर राखणदार कोठून आणायचा, हा संस्थेचा प्रश्न खोटा नाही. म्हणून धान निघाल्यावर आठवड्याचे दोन दिवस ठरवावेत, दररोज मोजक्याच चिठ्ठ्या द्याव्यात, चिठ्ठीमागे दोन मासे आणि परतताना पाळीवरच मोजणी. चिठ्ठ्यांच्या पैशांतून राखणदाराची मजुरी निघते की नाही, हे एका हिवाळ्यात कळेल. चिठ्ठी मात्र संस्थेनेच फाडावी, ग्रामपंचायतीने नव्हे, कारण बोटुकलीचे पैसे संस्थेने भरलेले आहेत.