तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतायचंच

उन्हाळा लागला की घोडेवाल्यांच्या ग्रुपवर एक सल्ला फिरायला लागतो: "उन्हातून आलेल्या घोड्यावर गार पाणी ओतू नका, नसा आखडतात. तासभर पाणी पाजू नका, पोटशूळ उठतो. पाठीवर ओलं गोणपाट टाका आणि सावलीत बांधून ठेवा." माथेरानच्या चढावर माणसं वाहणाऱ्या किंवा मे महिन्याच्या दुपारी वरातीत ताटकळणाऱ्या जनावराला यातला शेवटचा अर्धा सल्ला सोडला तर बाकी सगळं नडतं.

"नसा आखडतात." नाही आखडत. १९९६चं अटलांटा ऑलिंपिक ऐन दमट उन्हाळ्यात होणार होतं, म्हणून त्याआधी याच प्रश्नावर प्रयोग झाले. बर्फाने गार केलेलं पाणी तापलेल्या घोड्यांच्या अंगभर ओतलं. स्नायूंना इजा झाली नाही, ताप मात्र भराभर उतरला. मेहनतीनंतर घोड्याच्या मांड्या दगडासारख्या होतात हे खरं आहे, पण त्याची कारणं वेगळी: काम नसलेल्या दिवशीही पूर्ण चंदी (दाण्याचा खुराक) घालून दुसऱ्या दिवशी जोरात पळवणं, किंवा घामातून गेलेलं मीठ भरून न काढणं. दोष येतो बिचाऱ्या बादलीवर.

आता हिशोब. ३०० किलोच्या तट्टाचं तापमान १ अंशाने उतरवायला साधारण १,००० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. १५ अंशांचं पाणी अंगावरून ३० अंशांचं होऊन निथळलं, तर त्याला १७ लिटर पुरतात. पण निम्मं पाणी अंगाला नीट न लागताच जमिनीवर जातं, म्हणून ३५ लिटर धरा. मानेवर, छातीवर, पोटाखाली, मांड्यांच्या आतून, सगळीकडे ओता. थांबून पाणी निपटत बसू नका, तेवढ्या वेळात आणखी दोन बादल्या होतात. पोटाखालून गळणाऱ्या धारेखाली हात धरून पाहा: पाणी कोमट लागतंय तोवर उष्णता निघते आहे. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी मात्र घोड्याच्या कातडीइतकंच तापलेलं असतं, त्याने फार काही साधत नाही. पिंप सावलीत ठेवा, जमल्यास बर्फाची लादी टाका.

थांबायचं कधी? गुदद्वारात थर्मामीटर लावून ठरवा. नेहमीचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस. काम थांबल्यावरही काही मिनिटं ते चढत राहतं, त्यामुळे पहिल्या आकड्यावर निश्चिंत होऊ नका. ३९ च्या खाली आलं की पाणी बंद. ४१ च्या पुढे असेल तर एकाने पाणी ओतत राहायचं आणि दुसऱ्याने डॉक्टरांना फोन लावायचा.

"ओलं गोणपाट टाका." दोन मिनिटांत ते अंगाइतकंच तापतं आणि वर वारा अडवतं. खोगीर, तंग (पोटाखालचा पट्टा), नमदा (खोगिराखालची गादी) आधी उतरवा. अंग उघडं राहू द्या.

"पाणी पाजू नका." कष्टाने घोडा तासाला १० लिटरहून जास्त घाम गाळू शकतो, आणि त्या घामात माणसाच्या घामापेक्षा कितीतरी जास्त मीठ जातं. धाप जरा बसली की बादली पुढे करा, पिऊ द्या. एका बादलीत १० लिटर पाण्याला ९० ग्रॅम मीठ, शेजारी दुसरी साध्या पाण्याची. खारं पाणी आधी प्यायला तर तहान टिकते आणि पुढे तो जास्त पितो. नाकारलं तर आग्रह नको. बांबूच्या नळीने पाणी ढोसणं तर नकोच. फुप्फुसात उतरलं की न्यूमोनिया.

सावलीचा सल्ला बरोबर, पण कसली सावली हे कोणी लिहीत नाही. डोक्याला लागेल इतक्या बुटक्या पत्र्याखाली घोडा वरून भाजतो. मोठ्या झाडाखाली वारा लागेल असा उभा करा, अंग ओलं ठेवून पंखा लावता आला तर उत्तम. कोकणातल्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून तिथे घामावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. फॅरनहाइटमधलं तापमान आणि आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज १५० च्या पुढे गेली की काम कमी करा, १८० ला गेली की बंद. ३४ अंश सेल्सिअस म्हणजे ९३ फॅरनहाइट, आर्द्रता ७०: झाले १६३. आणि अशा हवेत धापा टाकणाऱ्या घोड्याचं अंग कोरडंच राहत असेल, तर त्याचा घाम येणं बंद पडलंय असं समजा. त्याला उन्हात नेऊ नका, डॉक्टरांना दाखवा.